पियानो रोलपासून वाचता येणाऱ्या पानापर्यंत: डीएडब्ल्यूमधलं नोटेशन कोणत्या क्रमाने साफ करायचं

डीएडब्ल्यूमध्ये, म्हणजे संगणकावर संगीत रेकॉर्ड आणि एडिट करायच्या प्रोग्रॅममध्ये, ट्रॅक छान वाजतो, पण स्कोअर एडिटर उघडला की पानभर १/६४ चे रेस्ट (विरामाची चिन्हं), टायची (नोट्स जोडणाऱ्या कमानींची) जाळी आणि बासच्या स्टाफखाली (पाच रेघांखाली) पाच-सहा लेजर लाइन्सवर (जादा छोट्या रेघांवर) लटकलेल्या नोट्स. इथे बहुतेक जण माउस हातात घेतात आणि एकेक चिन्ह ओढत बसतात. दोन तासांनी पहिलं पान जरा बरं दिसायला लागतं. मग रचनेतली एक नोट बदलते आणि सगळं पुन्हा विस्कटतं.

हे घडतं ते कामाचा क्रम उलटा झाल्यामुळे. मिडीमध्ये प्रत्यक्ष झालेलं वादन नोंदलेलं असतं: बोट कधी पडलं, कधी उचललं, किती जोरात पडलं. पानावर मात्र वाजवणाऱ्यासाठी सूचना लिहिलेली असते. ही दोन वेगळी कागदपत्रं आहेत. एकाच ट्रॅककडून दोन्ही कामं करून घ्यायला गेलं की वादनही बिघडतं आणि पानही.

खालचे टप्पे लॉजिक प्रो, क्यूबेस, रीपर, स्टुडिओ वन, प्रो टूल्स, डिजिटल परफॉर्मर अशा नोटेशन दाखवणाऱ्या कोणत्याही प्रोग्रॅमला लागू होतात. मेनूतली नावं थोडी वेगळी असतील. क्यूबेस वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: २०२४ मध्ये आलेल्या १४ व्या आवृत्तीपासून तिथला स्कोअर एडिटर डोरिकोच्या इंजिनावर चालतो, त्यामुळे जुन्या धड्यांमधले मेनू जुळणार नाहीत.

## तयारी: एडिटर उघडण्याआधी

चार प्रश्नांची उत्तरं एका कागदावर लिहून समोर ठेवा.

पहिला प्रश्न: हे पान कोण वाचणार? सेशनला येऊन पहिल्याच वाचनात वाजवणाऱ्या वादकाला प्रत्येक खूण स्पष्ट लागते. स्वतःच्या आठवणीसाठी काढलेल्या लीड शीटला मेलडी आणि कॉर्ड्स पुरतात.

दुसरा: या रचनेत खरोखर वापरलेली सर्वांत लहान नोट कोणती? १/१६ की १/८? ट्रिपलेट्स (दोन नोट्सच्या वेळात तीन समान नोट्स) आहेत का, आणि नेमक्या कोणत्या बारमध्ये? पियानो रोल (नोट्स पट्ट्यांसारख्या दाखवणारी खिडकी) बघून हे ठरवू नका. ट्रॅक ऐका आणि तोंडाने मोजा.

तिसरा: प्रत्येक ओळ कोणत्या वाद्यासाठी आहे? 'स्ट्रिंग्ज' नावाचा एकच ट्रॅक कोणीच वाचू शकत नाही. एन्सेम्बल पॅचवर (सगळ्या स्ट्रिंग्जच्या एकत्र आवाजावर) दोन्ही हातांनी दाबलेल्या कॉर्ड्समधल्या नोट्स पहिलं व्हायोलिन, दुसरं व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि डबल बास अशा आधी वाटून द्याव्या लागतात. हे काम संगीतरचनेचं आहे. ते सॉफ्टवेअर करणार नाही.

चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा: रचना पक्की झाली आहे का? कडवं एकदा की दोनदा, शेवटी किती बार, हे अजून ठरत असेल तर नोटेशनला हात लावू नका.

## टप्पा १: वाजणारी आणि वाचायची प्रत वेगळी करा

प्रोजेक्ट नव्या नावाने सेव्ह करा. त्यात प्रत्येक मिडी ट्रॅकची नक्कल करा आणि नावामागे 'स्कोअर' असा शब्द जोडा. मूळ ट्रॅक लॉक करा. स्कोअरच्या ट्रॅकला साधा पियानोचा आवाज द्या आणि एरवी तो म्यूट ठेवा. पियानोचा आवाज मुद्दाम सुचवतो आहे, कारण चांगल्या सॅम्पल लायब्ररीचा (खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांच्या संचाचा) आवाज चुका झाकतो आणि पियानोवर चुकीची नोट लगेच टोचते.

यापुढचं प्रत्येक काम फक्त नक्कल केलेल्या ट्रॅकवर होईल. तिथे नोट्स पुसा, सरळ करा, लांबवा. वादन सुरक्षित आहे.

सावध: प्रत काढताना 'अलायस' किंवा 'शेअर्ड कॉपी' होत नाही ना, ते पाहा. तशी प्रत मूळ ट्रॅकला जोडलेली असते आणि एकीत केलेला बदल दुसरीतही होतो. स्कोअरच्या ट्रॅकवरची एक नोट हलवा आणि मूळ ट्रॅक उघडून पाहा. तिथेही हलली असेल तर प्रत स्वतंत्र करून घ्या.

## टप्पा २: टेम्पो मॅप, टाइम सिग्नेचर आणि बारची संख्या

क्लिकवर रेकॉर्ड केलं असेल तर हा टप्पा पाच मिनिटांचा आहे. मुक्त लयीत वाजवलं असेल तर सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा लागेल, आणि तो द्यायलाच हवा. बारच्या रेषा चुकीच्या जागी असतील तर पुढची एकही सेटिंग कामाला येणार नाही.

मुक्त वादनासाठी क्रम असा:

1. आधी ट्रॅक घड्याळाच्या वेळेला बांधून ठेवा. लॉजिकमध्ये 'लॉक एसएमपीटीई पोझिशन', क्यूबेसमध्ये ट्रॅकचा टाइमबेस 'लिनिअर', रीपरमध्ये टाइमबेस 'टाइम'. हे केलं नाही तर टेम्पो बदलताच वादनही त्याबरोबर ताणलं जातं आणि तुम्ही शेपटीमागे धावत राहता.
2. प्रत्येक बारची पहिली बीट ऐकून टेम्पो मार्कर लावा. आधी फक्त बारच्या सुरुवाती, पूर्ण ट्रॅकभर.
3. जिथे लय बारच्या आतच ओढली किंवा सैल सोडली आहे, तिथेच बीटनुसार जास्तीचे मार्कर द्या.
4. मेट्रोनोम लावून सुरुवातीपासून ऐका. क्लिक वादनाबरोबर चालला पाहिजे.

आता टाइम सिग्नेचर. ३/४ आणि ६/८ मध्ये १/८ नोट्सची संख्या सारखीच असते, पण ३/४ मध्ये त्या दोन-दोनच्या तीन गटांत बांधल्या जातात आणि ६/८ मध्ये तीन-तीनच्या दोन. ७/८ असेल तर गट २+२+३ आहे की ३+२+२, ते प्रोग्रॅमला सांगा, नाहीतर बीम (नोट्सच्या दांड्या जोडणाऱ्या जाड रेघा) भलत्याच ठिकाणी तुटतील. तसंच ७० चा टेम्पो की १४० चा, हेही आत्ताच ठरवा. तीच धून एकीकडे १/१६ मध्ये दिसेल आणि दुसरीकडे १/८ मध्ये. वाचायला सोपं जाईल ते घ्या.

बारच्या संख्येबद्दल मी फार आग्रही आहे. सेशनच्या सुरुवातीला मोजणीसाठी दोन रिकामे बार सोडलेले असतात आणि पानावर मात्र संगीत बार १ पासून सुरू होतं. माझ्या एका रेकॉर्डिंगमध्ये वादकांच्या पानावरचा बार ४५ हा स्क्रीनवर बार ४७ होता. प्रत्येक रीटेकला कोणीतरी चुकीच्या जागेवरून सुरू करायचं आणि सगळ्यांना थांबावं लागायचं. डीएडब्ल्यूमध्ये पहिल्या बारचा क्रमांक बदलता येतो. मोजणीच्या त्या बारना (प्री-रोलला) ऋण किंवा शून्य क्रमांक द्या आणि दोन्हीकडची संख्या जुळवा.

तपासा: पहिला, मधला आणि शेवटचा असे तीन बार निवडा. प्रत्येकाची पहिली बीट क्लिकवर पडते का? संगीतातला जोर बारच्या सुरुवातीलाच येतो का? दोन्ही उत्तरं 'हो' असल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: वाचकाला नको असलेल्या नोट्स काढा

सॅम्पल लायब्ररीत पिझिकाटो, स्टकाटो, ट्रेमोलो असे वाजवण्याचे प्रकार बदलायला कीस्विच नावाच्या खास नोट्स वापरतात. त्या नोट्सना आवाज नसतो, पण स्कोअर एडिटरला त्या इतरांसारख्याच दिसतात. स्टाफखाली दूर लटकलेल्या नोट्स बहुधा याच असतात. स्कोअरच्या प्रतीतून त्या पुसण्याआधी प्रत्येक कीस्विच कोणत्या बारमध्ये होता आणि त्याचा अर्थ काय, ते टिपून ठेवा. सातव्या टप्प्यात 'पिझ.' आणि 'आर्को' लिहिताना ही यादी लागते. क्यूबेसचे एक्स्प्रेशन मॅप किंवा लॉजिकचे आर्टिक्युलेशन सेट वापरत असाल तर कीस्विच नोट्स म्हणून दिसतच नाहीत. पुढच्या कामापासून तीच सवय लावा.

मग याच फेरीत:

- चुकून लागलेल्या, अगदी कमी व्हेलॉसिटीच्या (दाबण्याच्या जोराच्या) आणि क्षणभराच्या नोट्स काढा.
- एकाच जागी एकावर एक बसलेल्या दुहेरी नोट्स काढा. पानावर त्या जाड काळ्या डोक्यासारख्या दिसतात किंवा दुसरा व्हॉइस (त्याच स्टाफवरची स्वतंत्र ओळ) तयार करतात.
- लेगाटो (सलग, न तुटणाऱ्या) आवाजासाठी एकमेकींवर चढवलेल्या नोट्सची शेपटं कापा.
- ट्रिल (दोन सुरांची झपाट्याने अदलाबदल) बारा नोट्समध्ये वाजवली असेल तर त्या बाराही पुसा आणि पूर्ण लांबीची एक मुख्य नोट ठेवा. खूण नंतर येईल.
- पसरून वाजवलेल्या कॉर्डच्या नोट्स एका उभ्या रेषेत आणा.

आणखी एक गोष्ट इथे सापडते. संथ अटॅकच्या स्ट्रिंग्ज वेळेवर ऐकू याव्यात म्हणून काही जण सगळ्या नोट्स ग्रिडच्या (बीट आणि तिच्या भागांच्या रेषांच्या) थोड्या आधी सरकवतात. पानावर मग प्रत्येक नोट आधीच्या बीटला टायने बांधलेली दिसते. स्कोअरच्या प्रतीत त्या तेवढ्याच उशिरा सरकवून ग्रिडवर आणा, आणि मूळ ट्रॅकवर पुढच्या वेळी नोट्स न हलवता ऋण ट्रॅक डिले वापरा.

## टप्पा ४: डिस्प्ले क्वांटाइझ – खरी गोष्ट इथे आहे

क्वांटाइझ (नोट्स जवळच्या ग्रिडवर बसवणं) दोन प्रकारचं असतं आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. एक वादन बदलतं, दुसरं फक्त पानावर दिसणारी किंमत बदलतं. लॉजिकमध्ये स्कोअरच्या इन्स्पेक्टरमध्येही 'क्वांटाइझ' हाच शब्द आहे आणि रीजनच्या वादनासाठीही तोच. कोणत्या पॅनेलमध्ये आहात, ते पाहून हात लावा.

एक बार जवळून पाहू. ४/४, टेम्पो १२०, एका क्वार्टर (१/४) नोटला ९६० टिक्स (काळ मोजायचे सूक्ष्म भाग). म्हणजे १/८ नोट ४८० टिक्सची, १/१६ नोट २४० ची, १/३२ नोट १२० ची आणि १/६४ नोट ६० ची. वादकाला दोन सरळ १/८ नोट्स वाजवायच्या आहेत. पहिली ० वर पडली. दुसरी ४८० वर पडायला हवी होती, ती ४४० वर पडली. फरक ४० टिक्सचा, म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंदांचा. कानाला हे जिवंत वादन वाटतं.

डिस्प्ले १/६४ वर असेल तर ४४० ला सर्वांत जवळची जागा ४२० ची. त्यामुळे पहिली नोट ४२० टिक्सची, म्हणजे दोन टिंबांची १/१६ नोट म्हणून छापली जाते. दुसरी नोट त्या आडनिड्या जागेवर सुरू होते आणि ४८० ची सीमा ओलांडताना तिला टाय लागतो. डिस्प्ले १/१६ वर आणा: ४४० आता थेट ४८० वर दिसते. सुरुवात सुटली.

पण लांबी बाकी आहे. दुसरी नोट ८३० वर सुटली, कारण बोट थोडं आधी उचललं गेलं. १/१६ च्या ग्रिडवर ८३० ला सर्वांत जवळचं ७२०. म्हणून पानावर १/१६ नोट आणि तिच्यापुढे १/१६ चा रेस्ट दिसतो. वाचणारा ती तुटक वाजवेल, जे कोणालाच नको होतं. ग्रिड बरोबर लावूनही पान चुकतं ते या लांबीमुळे, आणि तरी बहुतेकांची नजर फक्त नोट कुठे सुरू होते यावरच असते.

म्हणून क्रम:

1. डिस्प्ले क्वांटाइझ तयारीत लिहिलेल्या सर्वांत लहान नोटवर ठेवा, त्याहून बारीक नको.
2. लांबी साफ करणारी सेटिंग चालू करा. लॉजिकमध्ये 'इंटरप्रिटेशन', क्यूबेसच्या १४ च्या आधीच्या आवृत्त्यांत 'क्लीन लेंग्थ्स'. यामुळे छोट्या फटी रेस्ट म्हणून न छापता आधीच्या नोटमध्ये सामावून घेतल्या जातात.
3. एकसुरी ओळींसाठी 'नो ओव्हरलॅप' चालू करा.
4. तरीही रेस्ट उरले तर स्कोअरच्या प्रतीतल्या नोट्स प्रत्यक्ष क्वांटाइझ करा, आणि मग लेगाटोची आज्ञा देऊन प्रत्येक नोट पुढच्या नोटपर्यंत लांबवा. खरे विराम जिथे हवेत तिथे हाताने परत छोटं करा. आधी सुरुवाती, मग लांबी. उलट केलं तर लांबी पुन्हा बिघडते.

सावध: सरळ आणि ट्रिपलेट असा मिश्र ग्रिड पूर्ण ट्रॅकला लावू नका. जरा पुढेमागे पडलेल्या सरळ नोट्सनाही प्रोग्रॅम ट्रिपलेट समजतो. पूर्ण ट्रॅक सरळ ठेवा आणि ट्रिपलेट जिथे आहेत तेवढाच तुकडा कापून त्याला वेगळी सेटिंग द्या.

स्विंगचंही असंच. स्विंग लयीत वाजवलेल्या १/८ नोट्स ट्रिपलेटच्या भाषेत लिहिल्या तर पान अकारण भरून जातं. सरळ १/८ लिहा आणि सुरुवातीला टेम्पोजवळ 'स्विंग' असा शब्द द्या. वादकांना तेच सवयीचं आहे.

आता सिंकोपेशन, म्हणजे बीटच्या मध्येच सुरू होणाऱ्या नोट्स. ४/४ मध्ये तिसरी बीट कुठे आहे, हे डोळ्यांना चटकन दिसलं पाहिजे. दुसऱ्या बीटच्या उत्तरार्धात सुरू होऊन तिसरी बीट ओलांडणारी क्वार्टर नोट दोन १/८ नोट्स टायने जोडून लिहा. पण अर्ध्या बारच्या आतच १/८, १/४, १/८ अशी रचना असेल तर टायची गरज नाही. 'सिंकोपेशन' ही सेटिंग बंद असेल तर सगळंच टायमध्ये तुटतं, चालू असेल तर कधीकधी बारचा मध्यही झाकला जातो. मी ती चालू ठेवतो आणि मध्य झाकलेल्या जागा हाताने तोडतो.

तपासा: आवाज बंद करा. टेबलावर बोटाने बीट देत फक्त पान बघून लय तोंडाने म्हणा. जिथे अडखळलात तिथे खूण करा. मग मूळ ट्रॅक ऐकून पाहा, बहुतेक वेळा तिथे लिहिण्यातच चूक सापडते.

## टप्पा ५: व्हॉइस, स्टाफ आणि क्लेफ

पियानोसाठी मिडल सीवर ठोकळेबाज विभागणी करू नका. डावा हात वर जातो, उजवा खाली येतो, आणि स्थिर विभागणीत एकच धून दोन स्टाफवर उड्या मारते. नोट्स ज्या हाताने वाजतात त्या हाताच्या स्टाफवर ठेवा.

एकाच स्टाफवर एक नोट धरून ठेवलेली आणि वरची धून चालू, असं असेल तर दोन व्हॉइस लागतात: वरच्याच्या दांड्या वर, खालच्याच्या खाली. व्हॉइस एकच ठेवला तर धरलेली नोट प्रत्येक हालचालीला टायने तुकड्या-तुकड्यांत छापली जाते. पण दुसरा व्हॉइस लागेल तेवढ्याच बारमध्ये द्या, आणि त्याचे नको असलेले रेस्ट लपवा.

ड्रम्ससाठी पर्कशन क्लेफ (क्लेफ म्हणजे कोणत्या रेघेवर कोणता सूर, ते सांगणारं स्टाफच्या सुरुवातीचं चिन्ह) आणि ड्रम मॅप हवाच. जनरल मिडीच्या मांडणीत किक ३६, स्नेअर ३८, बंद हाय-हॅट ४२, उघडी ४६, क्रॅश ४९, राइड ५१. मॅप लावला नाही तर हे सगळं बास क्लेफमध्ये निरर्थक सुरांसारखं दिसतं. हातांनी वाजतं ते वर दांडी करून, पायांनी वाजतं ते खाली, आणि सिंबलला फुलीचं डोकं. ड्रम्समध्ये नोटची लांबी निरर्थक असते, त्यामुळे इथे रेस्ट कमी करण्यासाठी लांबी बिनधास्त वाढवा.

व्हायोलाला अल्टो क्लेफ द्यायला विसरू नका. नवीन ट्रॅकला प्रोग्रॅम सहसा ट्रेबल क्लेफ लावतो आणि हे कोणाच्या लक्षात येत नाही. सेशनच्या दिवशी ते व्हायोलावादकाच्याच लक्षात येतं.

## टप्पा ६: की सिग्नेचर, स्पेलिंग आणि ट्रान्सपोझिशन

हा क्रम मोडू नका: आधी की सिग्नेचर (स्टाफच्या सुरुवातीचे शार्प-फ्लॅट), मग ट्रान्सपोझिशन, मग एकेका नोटचं स्पेलिंग. स्पेलिंग आधी केलंत तर की बदलताच बरीचशी मेहनत वाया जाते.

मिडीला एफ शार्प आणि जी फ्लॅट यांतला फरक माहीत नाही. दोन्हींचा क्रमांक ६६ असू शकतो. कोणतं नाव लिहायचं हे सुसंवाद ठरवतो. जी मेजरमधल्या डी सेव्हन कॉर्डमध्ये तो एफ शार्पच आहे. जी फ्लॅट लिहिलं तर वादकाला डी ते जी फ्लॅट असं विचित्र अंतर दिसतं आणि तो क्षणभर थांबतो. कॉर्ड्सचा आधार नसलेल्या क्रोमॅटिक (एकेक सेमिटोनने सरकणाऱ्या) ओळीसाठी चढताना शार्प, उतरताना फ्लॅट ही सोय चालते.

ट्रान्सपोझ होणाऱ्या वाद्यांत (ज्यांचा लिहिलेला सूर ऐकू येणाऱ्या सुरापेक्षा वेगळा असतो) सर्वांत महागडी चूक म्हणजे मिडीच्याच नोट्स वर उचलणं. नोट्स जिथे आहेत तिथेच राहू द्या आणि स्टाफची ट्रान्सपोझिशन सेटिंग लावा. बी फ्लॅट ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटला २ सेमिटोन वर, एफ हॉर्नला ७, अल्टो सॅक्सला ९, टेनर सॅक्सला १४. गिटार आणि डबल बास ऐकू येतं त्याहून एक ऑक्टेव्ह वर लिहितात, पिकोलो एक ऑक्टेव्ह खाली.

तपासा: प्रत्येक स्टाफवर तात्पुरती ६० क्रमांकाची नोट घाला. ट्रम्पेटला डी दिसला पाहिजे, हॉर्नला जी, अल्टो सॅक्सला ए. मग ती पुसून टाका. नावावर विसंबू नका, क्रमांकच पाहा: हीच नोट काही प्रोग्रॅम सी ३ म्हणतात आणि काही सी ४. ऑक्टेव्हची चूक बहुधा इथूनच शिरते. व्हायोलिनच्या पार्टमध्ये ५५ च्या खालची नोट दिसली, तर ती वाद्यावर वाजणारच नाही.

## टप्पा ७: खुणा

व्हेलॉसिटीवरून डायनॅमिक्स (हळू-जोरात वाजवायच्या खुणा) ठरत नाहीत. सॅम्पल लायब्ररीत जोर बऱ्याचदा मॉड्युलेशन किंवा एक्स्प्रेशनच्या वक्ररेषेत असतो आणि स्कोअर एडिटर ती वाचत नाही. मूळ ट्रॅक ऐका आणि पी, एमएफ, एफ स्वतः लिहा. प्रत्येक वाद्याच्या पहिल्या नोटला एक डायनॅमिक असलाच पाहिजे, आणि लांब विरामानंतर पुन्हा एकदा.

तुटक नोट्स १/१६ नोट आणि रेस्ट अशा न लिहिता १/८ नोटवर स्टकाटोचा ठिपका द्या. कीस्विचची यादी समोर घेऊन 'पिझ.' (तार बोटाने छेडून), 'आर्को' (पुन्हा बोने), 'म्यूट' हे शब्द लिहा, आणि जे चालू केलं ते कुठे बंद होतं, तेही लिहा. पिच बेंडने केलेला घसरा पानावर उमटत नाही, त्याची रेषा हाताने काढावी लागते. स्लर (सलग वाजवायच्या नोट्सवरची वक्र रेषा) वाक्यांशानुसार द्या. स्ट्रिंग्जमध्ये स्लर म्हणजे बोची (गजाची) एक दिशा, त्यामुळे चार बारचा एकच स्लर संथ लयीत वाजवता येत नाही.

## टप्पा ८: पानाची मांडणी

आत्ता, आणि फक्त आत्ताच, चिन्हं ओढायला सुरुवात करा.

एका ओळीत साधारण चार बार. गर्दी असेल तर तीन. सुट्या पार्टमध्ये सलग रिकामे बार एकत्र करून त्यांची संख्या लिहा. रिहर्सल मार्क रचनेच्या सांध्यांवर द्या. पान उलटण्याची जागा विरामावर आणा, कारण दोन्ही हात गुंतलेले असताना पान उलटता येत नाही. सुट्या पार्टमध्ये स्टाफची उंची ७ मिलिमीटरपेक्षा कमी ठेवू नका. स्टँडवरचं पान हातातल्या पानापेक्षा बरंच लांब असतं.

## टप्पा ९: बाहेर काढणं

छापायचं असेल तर पीडीएफ. म्यूझस्कोर, डोरिको किंवा सिबेलियसमध्ये पुढे काम करायचं असेल तर म्युझिकएक्सएमएल. मिडी फाइल पाठवू नका. मिडीमध्ये व्हॉइसची विभागणी, शार्प-फ्लॅटचं स्पेलिंग, स्लर, यांतलं काहीच जात नाही, आणि चौथ्यापासून सातव्या टप्प्यापर्यंतचं काम दुसऱ्याला पुन्हा करावं लागतं. नोटेशन प्रोग्रॅममध्येच शेवटची मांडणी करणार असाल तर आठवा टप्पा इथे करूच नका. ओळींची रचना आणि चिन्हांच्या जागा तिथे गेल्यावर बहुधा बदलतातच.

एबलटन लाइव्हसारख्या प्रोग्रॅममध्ये स्कोअर एडिटर नाही. तिथे पहिले तीन टप्पे तसेच करा, मग स्कोअरच्या प्रतीत नोट्स प्रत्यक्ष क्वांटाइझ करून लांबी साफ करा, आणि तीच मिडी फाइल नोटेशन प्रोग्रॅममध्ये उघडा. पुढचे सगळे टप्पे तिकडे.

तपासा: फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडल्यावर बारची एकूण संख्या, एखादा ट्रिपलेटचा बार, ड्रम्सचा स्टाफ आणि ट्रान्सपोझ होणारं एक वाद्य, एवढं पाहा. बिघाड असेल तर तो बहुधा याच चार ठिकाणी दिसतो.

## टप्पा १०: छापून वाचणं

स्क्रीनवर तपासू नका. छापा, आणि एका फेरीत एकच गोष्ट बघा: पहिल्या फेरीत फक्त लय, दुसरीत फक्त सूर आणि शार्प-फ्लॅट, तिसरीत फक्त खुणा. सगळं एकदम बघणारा डोळा काहीच पकडत नाही. शेवटी ज्याने ही रचना ऐकलेली नाही अशा वादकासमोर एक पान ठेवा आणि काही न सांगता वाजवायला द्या. तो जिथे थांबतो, त्या बारचा क्रमांक लिहून घ्या. तिथे मदतीला धावू नका, समजावून सांगू नका.

त्या यादीतल्या दुरुस्त्या स्कोअरच्या ट्रॅकवर करा. सूरच बदलला असेल तर मूळ ट्रॅकचं लॉक काढून तिथेही तोच बदल करा आणि लॉक परत लावा. मग नवी तारीख घालून पीडीएफ पुन्हा काढा आणि जुन्या छापील प्रती स्टँडवरून उचलून घ्या.